आभाळ बदलतं तेव्हा: पाऊस, वीज, धुकं आणि ऋतूंचे फोटो काढायला शिकताना

आभाळ भरून आलं की आपण कॅमेरा बाहेर काढतो. पाऊस सुरू झाला की तो पिशवीत जातो, आपण आडोशाला उभे राहतो आणि पाऊस थांबला की घरची वाट धरतो. पहिली दोन वर्षं मी हेच करत होते. करड्या आभाळाचे शेकडो सारखे फोटो माझ्याकडे जमले होते. मग एका संध्याकाळी परतायला वाहन मिळेना, म्हणून मी माळावरच थांबले. दोन तासांची झड ओसरत आली होती. पश्चिमेला, ढगांच्या पोटाखाली, क्षितिजालगत बोटभर फट पडली. सूर्य त्या फटीत उतरला तशी उन्हाची तिरीप जमिनीला घासत आली आणि समोरचं एकटं झाड ओल्या खोडासकट तांबूस उजळलं. खालच्या फांदीच्या टोकाला थेंब लोंबत होते, त्यातल्या प्रत्येकात सूर्याचा एक ठिपका होता. झाडामागचं आभाळ मात्र अजून शाईसारखं काळंनिळं होतं. चार मिनिटांत सगळं विझलं.

त्या चार मिनिटांनी मला जे शिकवलं त्यावरच हा लेख उभा आहे. हवामानाचे चांगले फोटो पावसाच्या किंवा वादळाच्या मध्यावर क्वचित मिळतात. ते कडेला मिळतात: पाऊस येण्याआधीची वीस मिनिटं, तो सरताना, धुकं फाटताना, ढग उघडताना. मध्यावर सगळीकडून सारखा, सपाट उजेड असतो. कडेला काळा ढग आणि ऊन एकाच चौकटीत येतात. अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्सने काढलेला कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीचा सुप्रसिद्ध फोटोही हिवाळी वादळ ओसरतानाचा आहे. म्हणून पुढच्या साऱ्या पायऱ्या एकाच कामासाठी आहेत: ती कड येईल तेव्हा तुम्ही तिथे असावं, कोरडं असावं आणि कॅमेरा तयार असावा.

निघण्याआधी: अंदाज कसा वाचायचा

‘पावसाची शक्यता ६० टक्के’ एवढ्यावरून फोटोग्राफरला फार काही कळत नाही. तीन गोष्टी बघायची सवय लावा.

पहिली म्हणजे रडारचं चित्र. पावसाचा पट्टा कुठे आहे आणि कोणत्या दिशेने सरकतोय हे त्यात दिसतं. मागच्या तासाभराची चित्रं पुढेमागे करून बघा. पट्टा तासाला ३० किलोमीटर सरकत असेल आणि तुमच्यापासून ४५ किलोमीटरवर असेल, तर तुमच्या हातात दीड तास आहे. पट्ट्याची मागची कड कधी पोचेल तेही काढा, कारण खरं काम तेव्हाच असतं.

दुसरी, उपग्रहाचं ढगांचं चित्र. संध्याकाळच्या रंगांसाठी तुमच्या डोक्यावर ढग हवेत आणि सूर्य मावळतो त्या दिशेला, क्षितिजापलीकडे, मोकळं आभाळ हवं. पश्चिमेला शेकडो किलोमीटर ढगच ढग असतील तर सूर्याचा उजेड तुमच्या ढगांच्या पोटाला लागणारच नाही. पहाटेसाठी हेच पूर्वेकडे बघायचं.

तिसरी, तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं) यांतला फरक. रात्री हा फरक दोन-तीन अंशांवर आला असेल, वारा पडलेला असेल आणि आभाळ निरभ्र असेल, तर सकाळी धुक्याची आशा धरायला हरकत नाही. आदल्या दिवशी पाऊस होऊन जमीन ओली असेल तर आणखी चांगलं.

सूर्य कुठे उगवणार आणि मावळणार हे सांगणारी अॅप्स मोबाइलवर मिळतात. ती नसली तरी एक जुनी युक्ती पुरते. हात पूर्ण लांब करून बोटं आडवी धरा आणि क्षितिज व सूर्य यांच्यामध्ये किती बोटं बसतात ते मोजा. एका बोटाला साधारण पंधरा मिनिटं. चार बोटं असतील तर सूर्यास्ताला तासभर आहे.

एक काम ऊन असतानाच करून ठेवा. फोटो काढायची जागा स्वच्छ हवेत जाऊन बघून या. कुठे उभं राहायचं, आडोसा कुठे आहे, पाऊस वाढला तर वाट बंद होईल का, ओढ्याला पाणी चढलं तर परत कसं यायचं, हे भर पावसात शोधायच्या गोष्टी नव्हेत.

पिशवीत काय असावं

कॅमेरा जुना असला तरी चालतो, मोबाइलही चालतो. पण चार गोष्टींवाचून घराबाहेर पडू नका: काच पुसायची तीन-चार मऊ कापडं (एक भिजलं की ते पाणी फक्त पसरवतं), लेन्सचं हूड (तिच्या तोंडाभोवती बसणारं कडं), दोन मोठ्या प्लास्टिक पिशव्या आणि रबर बँड. पिशवीला लेन्सच्या तोंडाएवढं भोक पाडा, हूडभोवती रबर बँडने घट्ट बसवा, मागून हात घालायला जागा ठेवा. झालं रेनकव्हर. ‘वेदर सील्ड’ लिहिलेला कॅमेरा पाण्याचे शिंतोडे सोसतो, धार सोसेलच असं नाही. पावसात लेन्स बदलायचीच वेळ आली तर छत्रीखाली, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करून बदला.

ट्रायपॉड हलका घ्या, पण डळमळणारा नको. वाऱ्यात मधला दांडा वर काढू नका, पाय फाकवून खाली बसवा. फिल्टरमध्ये आधी पोलरायझर घ्या. ओल्या पानांवरची, दगडांवरची आणि पाण्यावरची पांढुरकी चमक तो कापतो आणि खालचा रंग वर आणतो. संपादनात हे नंतर करता येत नाही. एनडी फिल्टर (लेन्समध्ये जाणारा उजेड कमी करणारी गडद काच) पुढे कधीतरी घेतला तरी चालेल.

आता अंगावरचं. भिजलेला, कुडकुडणारा माणूस कड येण्याआधीच घरी जातो. कोरडे मोजे, पकड असलेले बूट, डोक्याचा टॉर्च आणि पाणी या वस्तूंनी मला जितके फोटो मिळवून दिले तितके कुठल्याही लेन्सने दिले नाहीत.

कॅमेरा आधीच लावून ठेवा

उजेड बदलायला लागला की मेनू शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून गाडीतून उतरतानाच हे करून टाका.

१. फाइल रॉमध्ये (कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती जशीच्या तशी राखणारा प्रकार) ठेवा. काळ्या ढगातले बारकावे आणि उजळ कडा दोन्ही परत मिळवायची मुभा त्यातच असते.

२. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांची छटा ठरवणारी सोय) ‘ऑटो’वरून काढून ‘डेलाइट’वर ठेवा. ऑटो हा रंग सारखे करायला धडपडतो, त्यामुळे वादळाचा निळेपणा आणि तिन्हीसांजेचं सोनं दोन्ही पुसलं जातं.

३. मोड अॅपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं भोक, म्हणजे अॅपर्चर, आपण ठरवायचं, शटरचा वेळ कॅमेरा ठरवतो), एफ/८. एफचा आकडा जितका मोठा तितकं भोक लहान. देखाव्यासाठी बहुतेक वेळा एवढं पुरतं. पायाजवळची गवताची काडीही स्पष्ट हवी असेल तर एफ/११. त्यापुढे एफ/१६, एफ/२२ कडे जाल तसा विवर्तनामुळे (लहान भोकातून जाताना उजेड पसरल्याने) फोटो मऊ पडत जातो, आणि लेन्सवरचा प्रत्येक थेंब चौकटीत ठसठशीत दिसायला लागतो.

४. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) १०० पासून सुरू करा, पण हातात धरून काढताना शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं ते) फार खाली जाऊ देऊ नका. ५० मिलिमीटर लेन्सला किमान १/५० सेकंद, २०० मिलिमीटरला १/२००. गरज पडली तर आयएसओ बेलाशक वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

५. हिस्टोग्राम (फोटोतले गडद ते उजळ भाग डावीकडून उजवीकडे दाखवणारा आलेख) आणि ‘फाटलेला उजेड’, म्हणजे जळून पांढरा झालेला भाग, लुकलुकून दाखवणारी सोय चालू ठेवा.

शेवटचा मुद्दा जरा सविस्तर सांगते, कारण नवशिक्याचे निम्मे फोटो इथेच वाया जातात. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. जमीन काळोखी असली की तो चौकट उजळतो आणि ढगांच्या कडा जळून पांढऱ्याफटक होतात. जळालेल्या पांढऱ्यात काहीच उरत नाही, तो भाग नंतर कशानेही परत येत नाही. सावलीत मात्र पुष्कळ काही शिल्लक असतं. म्हणून एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) ढगाच्या उजळ भागाला धरून ठरवा. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमीजास्त करायची सोय) -⅔ किंवा -१ करा, हिस्टोग्रामचा ढीग उजव्या भिंतीला आदळत नाही ना ते बघा, जमीन घरी येऊन उजळा. फरक फारच मोठा असेल तर ट्रायपॉडवरून तीन फोटो काढा, पहिला मध्यम, दुसरा दोन स्टॉपने कमी, तिसरा दोन स्टॉपने जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि मग ते जोडा.

ही अडचण फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५०च्या दशकात समुद्राचे फोटो काढताना काही वेळा आभाळाची एक आणि पाण्याची एक अशा दोन वेगळ्या निगेटिव्ह घेतल्या आणि छापताना त्या जोडल्या. त्या काळी निगेटिव्ह ज्या काचांवर घेत त्यांच्यावर निळ्या उजेडाचा परिणाम फार व्हायचा, त्यामुळे पाणी नीट येईपर्यंत आभाळ कोरं पांढरं होऊन जाई. आपण संगणकावर करतो ते त्याने अंधाऱ्या खोलीत केलं.

मोबाइलवर हेच करायचं तर स्क्रीनवर ढगाच्या उजळ भागाला बोट लावून दाबून धरा, म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही जागच्या जागी थांबतात. मग पट्टी खाली ओढून फोटो थोडा गडद करा. पावसात स्क्रीनवर पडणाऱ्या थेंबांनाही तो बोट समजतो, म्हणून फोटो आवाजाच्या बटणाने काढा. आणि काढण्याआधी काच पुसा. खिशातल्या मोबाइलची काच जवळपास नेहमीच तेलकट असते, आणि उजेडासमोर ती धुरकटपणा आणते.

चौकटीत काय घ्यायचं

आभाळ जबरदस्त असलं की सगळं मावावं म्हणून आपण सर्वांत रुंद लेन्स लावतो. फोटोत तेच आभाळ लहान आणि लांबचं वाटतं. सुरुवातीला मुद्दाम उलटं करून बघा. ७० ते २०० मिलिमीटरची लेन्स लावा आणि आभाळाचा एक तुकडा निवडा: जिथे पावसाचा पडदा डोंगराच्या खांद्यावर उतरतोय तेवढाच, किंवा उन्हाची झोत जिथे शेतात पडली आहे तेवढीच. लांब लेन्सने डोंगरांच्या रांगा एकमेकींना खेटून येतात आणि मागचा ढग प्रचंड वाटतो.

ढग केवढा आहे हे सांगायला चौकटीत ओळखीच्या आकाराचं काहीतरी हवं: एखादं झाड, झोपडी, वाटेवरचा माणूस, विजेचा खांब. ते नसेल तर कितीही मोठा ढग कापसाच्या बोळ्यासारखा वाटू शकतो. क्षितिज मध्यावर ठेवू नका. आभाळ बोलत असेल तर क्षितिज खालच्या चौथ्या हिश्शात न्या, ओली जमीन बोलत असेल तर वर. पाणी साचलेलं डबकं दिसलं की खाली बसा. कॅमेरा पाण्यापासून वीतभर उंचीवर आणला की एवढ्याशा डबक्यात अख्खं आभाळ मावतं.

आणि मागे वळून बघा. सगळे सूर्याकडे तोंड करून उभे असतात तेव्हा उजळलेला देखावा बऱ्याचदा पाठीमागे असतो. मी सांगितलेलं झाडही तसंच होतं.

ढग

ढगांची नावं शिकायला एक दिवस पुरतो आणि ती आयुष्यभर उपयोगी पडतात. आज वापरात असलेल्या लॅटिन नावांची पद्धत लंडनमध्ये औषधं बनवणाऱ्या ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ साली मांडली. फोटोसाठी तीन ओळखी पुरेत. पिसासारखे उंच सिरस: सूर्य मावळल्यावरही यांना उजेड मिळत राहतो. कापसाच्या ढिगासारखे क्युम्युलस: यांच्या सावल्या जमिनीवर फिरतात, त्यामुळे देखाव्याचा एकेक भाग आळीपाळीने उजळतो, हवा तो भाग उजळेपर्यंत थांबायचं. आणि ऐरणीसारखं डोकं पसरलेला क्युम्युलोनिंबस, म्हणजे विजांचा ढग: याच्यापासून दूर असताना फोटो काढायचा, जवळ आला की पळायचं.

सूर्यास्तानंतर लगेच ट्रायपॉड आवरू नका. सूर्य क्षितिजाखाली गेला की आधी खालचे ढग विझतात, कारण जमिनीची सावली त्यांच्यावर आधी चढते. कित्येक किलोमीटर उंचीवरचे ढग अजून उन्हात असतात, आणि तो उजेड हवेच्या लांबलचक थरातून आलेला असल्याने त्यातला निळा भाग वाटेत विखुरलेला असतो. म्हणून सूर्य गेल्यावर दहा-वीस मिनिटांनी आभाळ दुसऱ्यांदा पेटतं. त्यानंतरची कातरवेळही सोडू नका. तेव्हा आभाळ आणि जमीन यांतला फरक मिटत आलेला असतो आणि एकाच फोटोत दोन्ही सहज बसतात.

पाऊस

आपल्या भाषेत पावसाला इतके शब्द आहेत ते उगाच नाहीत. प्रत्येकाचा फोटो वेगळा येतो. भुरभुर कॅमेऱ्याला दिसतच नाही, ती पानांवर साचलेल्या बारीक थेंबांतून दाखवावी लागते. वळवाच्या सरीला ठळक कडा असतात, म्हणून ती लांबून, पडद्यासारखी काढायची. संततधार लागली की दूरचा देखावा पुसून जातो. तेव्हा रानात शिरा, ओढे, शेवाळ, काळे ओले खडक काढा. सपाट उजेड इथे कामाला येतो, कारण दाट झाडीत उन्हाचे पांढरे डाग पडत नाहीत.

पडता पाऊस फोटोत दिसावा असं वाटत असेल तर दोन गोष्टी लागतात: उजेड थेंबांच्या पलीकडून यायला हवा आणि मागची बाजू काळोखी हवी. पांढऱ्या आभाळासमोर पाऊस दिसत नाही, गर्द झाडीसमोर दिसतो. मग शटर स्पीड. मोठा थेंब सेकंदाला साधारण नऊ मीटर वेगाने पडतो. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात तो पंधरा सेंटिमीटर खाली येतो आणि त्याची रेघ उमटते. १/५०० ला तो जेमतेम दोन सेंटिमीटर सरकतो आणि तुटक ठिपक्यासारखा दिसतो. पावसाचा जोर दाखवायला रेघा बऱ्या, म्हणून १/६० च्या आसपासपासून सुरू करा. ऑटोफोकस जवळच्या थेंबांवर अडकतो; विषयावर फोकस करून तो मॅन्युअलला टाका.

इंद्रधनुष्य

इंद्रधनुष्य कुठे येणार हे आधी सांगता येतं. सूर्याकडे पाठ करा आणि आपल्या डोक्याची सावली कुठे पडते ते बघा. इंद्रधनुष्याच्या वर्तुळाचं केंद्र नेमकं त्या दिशेला असतं आणि कमान त्याच्याभोवती सुमारे ४२ अंशांवर असते. सूर्य ४२ अंशांपेक्षा वर असेल तर सपाट जमिनीवरून पावसातलं इंद्रधनुष्य दिसत नाही, म्हणून भर दुपारी ते शोधू नका. सूर्य जितका खाली, कमान तितकी उंच.

पूर्ण कमान ८४ अंश रुंद असते. फुल फ्रेम (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ती मावायला २० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद लेन्स लागते. नसेल तर कॅमेरा उभा धरून तीन-चार फोटो काढा आणि जोडा, किंवा सरळ कमानीचं एक टोक घ्या, जिथे ती झाडीत उतरते. मला हे टोकच जास्त आवडतं. पोलरायझर असेल तर हळूहळू फिरवून बघा: एका स्थितीत रंग गडद होतात, दुसऱ्या स्थितीत इंद्रधनुष्य अक्षरशः नाहीसं होतं. बाहेर दुसरी, फिकी कमान दिसते का बघा. तिच्यात रंगांचा क्रम उलटा असतो, आणि दोन कमानींमधलं आभाळ आजूबाजूपेक्षा काळं असतं. एक्स्पोजर थोडं कमी ठेवलंत तर तो काळा पट्टाही फोटोत उतरतो.

वीज

आधी जिवाचं बघू. गडगडाट ऐकू येतोय म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. ती पावसाच्या पुढे, दहा-पंधरा किलोमीटरवर, डोक्यावर निळं आभाळ असतानाही पडते. चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, म्हणजे किलोमीटरमध्ये अंतर मिळतं. पण ही मोजणी वादळ कुठे चाललंय हे कळण्यापुरती. ‘अजून लांब आहे’ म्हणून उघड्यावर थांबायला तिचा आधार घेऊ नका. आवाज आला की पक्क्या इमारतीत किंवा धातूचं छत असलेल्या बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. एकट्या झाडाखाली, डोंगरमाथ्यावर, पाण्याजवळ किंवा तारेच्या कुंपणाशी अजिबात थांबू नका. उघड्यावर ट्रायपॉड लावून त्याला चिकटून उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ.

मग फोटो कुठून? घरातून, खिडकीच्या आतून किंवा बंद गाडीतून. खोलीतले दिवे घालवा, लेन्स काचेला टेकवा, भोवती काळं कापड गुंडाळा म्हणजे प्रतिबिंब येणार नाही. रात्र असेल तर मॅन्युअल मोड, आयएसओ १०० किंवा २००, एफ/८, शटर दहा ते वीस सेकंद, फोकस लांबच्या दिव्यावर करून मॅन्युअलला टाकलेला. आता एकामागून एक फोटो काढत राहा. त्यातल्या एखाद्यात वीज आपोआप सापडते.

इथे एक गोष्ट समजून घेतली की सगळं सोपं होतं. वीज सेकंदाच्या अगदी लहान भागात येऊन जाते, म्हणून शटर किती वेळ उघडं आहे याचा विजेच्या उजळपणावर परिणाम होत नाही. तिला फक्त अॅपर्चर आणि आयएसओ ठरवतात. आजूबाजूचा देखावा आणि आभाळ यांना मात्र शटरचा वेळ उजळतो. वीज पांढरीफटक आणि जाड येत असेल तर एफ/११ करा. वीज बरोबर पण जमीन काळी असेल तर शटर वाढवा. दिवसा वीज पकडणं अवघड असतं, त्यापेक्षा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्यातली एक चौकट निवडा.

धुकं

धुक्यासाठी झुंजूमुंजू व्हायच्या आत जागेवर असावं लागतं. सूर्य वर आला की जमीन तापते आणि धुकं खालून फाटायला लागतं. हीच याची कड. फाटताना त्यातून उन्हाच्या तिरप्या शलाका झाडांमधून उतरतात, तेव्हा सूर्य एखाद्या खोडाआड लपवून फोटो काढा. धुकं दरीत साचलं असेल तर त्याच्या वर चढा, डोंगरांची टोकं बेटांसारखी बाहेर राहतात.

मीटर धुक्यालाही करडं करतो, म्हणून इथे एक्स्पोजर उलट +⅔ ते +१ करा. चौकटीत जवळचं काहीतरी गडद घ्या. धुक्यात जवळचं झाड काळं, त्यामागचं करडं, त्यामागचं फिकट अशा पायऱ्या पडतात, आणि खोली त्यांतूनच दिसते. घरी आल्यावर धुकं कमी करणाऱ्या पट्टीला हात लावायचा मोह होईल. नका लावू. आपण त्याच्यासाठीच उठलो होतो.

धुकं विरल्यावर गवतात बघा. कोळ्याच्या जाळ्यावर दव माळेसारखं बसलेलं असतं, पण सूर्य पाठीशी असेल तर ते सहज नजरेतून सुटतं. जाळ्याच्या पलीकडे सूर्य येईल असं बसा, कॅमेरा जाळ्याला समांतर धरा, मागे सावलीतलं झुडूप ठेवा. वाऱ्याची झुळूक थांबेपर्यंत श्वास रोखून वाट बघायची. मग १/२५०.

बर्फ आणि वारा

बर्फात मीटरची चूक सर्वांत मोठी असते, शुभ्र बर्फ तो राखाडी करून टाकतो. +१ ते +२ द्या, पण पांढरा जळू देऊ नका. सावल्यांतला निळेपणा तसाच राहू द्या, तो आभाळाचा आहे. आपण कुठून चालणार ते आधी ठरवा, कारण पावलं उमटली की कोरा बर्फ परत मिळत नाही. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा.

वारा दिसत नाही, त्याने हलवलेलं दिसतं. ट्रायपॉडवर अर्धा सेकंद शटर ठेवलं की गवत वाहतं आणि मधला दगड स्थिर राहतो. धुळीचं वादळ असेल तर लेन्स बदलू नका, एवढंच.

ऋतू दाखवायचा तर एका जागेशी जडून राहा

ऋतूंचे फोटो काढायला दूर जावं लागत नाही. चालत पोचता येईल अशी एक जागा निवडा. ट्रायपॉडचे पाय कुठे होते तिथे दगडाने खूण करून ठेवा, लेन्सचं मिलिमीटर आणि कॅमेऱ्याची उंची लिहून ठेवा, आणि दर पंधरा दिवसांनी तोच फोटो काढा. पहिला फोटो मोबाइलवर ठेवला तर चौकट जुळवायला सोपं जातं. वर्षभराने ते चोवीस-पंचवीस फोटो एका रांगेत लावले की झाड फुटलं कधी, पाणी आटलं कधी, पानं गळली कधी हे तर दिसतंच, शिवाय सूर्य उगवायची जागा क्षितिजावर किती सरकली तेही दिसतं. विषुवदिनांच्या आसपास तो बरोबर पूर्वेला उगवतो, एरवी उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे कललेला असतो. विषुववृत्तापासून जितके दूर राहाल तितकं हे सरकणं मोठं. एखाद्या खिंडीत सूर्य नेमका बसलेला हवा असेल तर तो दिवस वर्षातून एकदोनदाच येतो.

पानगळीत पानांच्या मागून उजेड येऊ द्या, म्हणजे पान आतून पेटल्यासारखं दिसतं. आभाळ ढगाळ असेल तर आभाळ चौकटीतून पूर्ण काढून टाका आणि पोलरायझर लावा. झाडं उघडी झाली की त्यांचा सांगाडा सांजेच्या आभाळासमोर काढा. कडक उन्हाळ्यात मात्र सकाळ आणि संध्याकाळ एवढ्याच वेळा आपल्या. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांब लेन्सने काढलेला दूरचा डोंगर कितीही नीट फोकस केला तरी अस्पष्टच येतो. भेगाळलेली जमीन कोवळ्या उन्हात काढा. उजेड आडवा आला की प्रत्येक भेगेत सावली बसते.

घरी आल्यावर

एकदा मी थंडगार खोलीतून कॅमेरा काढून थेट पावसाळी हवेत नेला होता. लेन्सवर आतबाहेर वाफ धरली. मी पुसत राहिले आणि ती पुन्हा धरत राहिली. वाफ गेली तोवर ढग फुटून गेले होते. तेव्हापासून निघायच्या अर्धा तास आधी कॅमेऱ्याची पिशवी बाहेरच्या हवेत ठेवते. थंडीतून उबदार घरात येतानाही हाच धोका असतो. तेव्हा कॅमेरा बाहेरच प्लास्टिक पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, म्हणजे पाणी पिशवीवर धरेल, कॅमेऱ्यावर नाही. तो घरच्या तापमानाला आला की मगच उघडा. मेमरी कार्ड पिशवी बांधण्याआधी काढून घ्या, नाहीतर फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडली जाते.

कॅमेरा भिजला असेल तर बॅटरी काढा, कोरड्या कापडाने टिपून घ्या (घासू नका) आणि पंख्याच्या हवेत ठेवा. हेअर ड्रायर नको, गरम हवा ओल आणखी आत ढकलते. समुद्रावरून आलात तर गोड्या पाण्यात पिळलेल्या कापडाने सगळीकडून पुसा, खार राहिला की तो बटणांच्या फटीत बसतो. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून सुकवा. दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते आणि ती काचेवरचा थर खाते, म्हणून लेन्स ओल्या बॅगेत कधीच ठेवू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा. ओल शोषली की रंग बदलणारे जेलचे दाणे मिळतात. ते बदलले की पुडीवर लिहिलेलं असेल त्याप्रमाणे तापवून कोरडे करा आणि परत डब्यात टाका.